वास्तू कोणाची आणि कशाची?

शाळेच्या गणितात कंसांचे तीन प्रकार शिकवतात. साधा, महिरपी आणि चौकटी. यातला 'महिरपी' हा शब्द मशिदीतून आला आहे, हे शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. मशिदीच्या किब्ल्याकडील भिंतीत जो कमानदार कोनाडा असतो, ज्याच्यासमोर इमाम उभा राहतो, त्याला अरबीत मिहराब म्हणतात. मराठीने त्याची महिरप केली. ही महिरप पुढे वाड्यातल्या लाकडी खांबांच्या मधोमध बसली, देव्हाऱ्यावर चढली, गणपतीच्या मखरात थर्माकोलची होऊन आली आणि शेवटी गणिताच्या वहीत तिची दोन वळणदार चिन्हे झाली.

आकार तोच राहिला, द्रव्य बदलत गेले. एकोणिसाव्या शतकात जर्मन वास्तुविद गॉटफ्रीड सेम्पर यांनी वास्तुकलेच्या इतिहासाचा एक मोठा धागा म्हणून हीच गोष्ट मांडली होती. माणूस एका द्रव्यात शिकलेला आकार दुसऱ्या द्रव्यात नेतो, विणकाम भिंतीवर येते, लाकूड दगडात उतरते, असे त्यांचे म्हणणे. त्याचा दाखला पाहायला आपल्याला जर्मनीत जायची गरज नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडाच्या छताखाली सागाच्या फासळ्या आहेत. डोंगरात कोरलेल्या छताला त्यांच्या आधाराची गरज नाही. तरी त्या आहेत, कारण ते कोरणाऱ्यांच्या मनातले सभागृह लाकडाचे होते.

बांधकामाचे मराठी शब्द नीट ऐकले तर आणखी एक गंमत दिसते. दगड, माती, वीट, चुना, लाकूड, खांब, तुळई हे शब्द इथले, बहुतेक संस्कृत-प्राकृतातून आलेले. इमारत, मजला, दालन, दरवाजा, कमान, बुरूज, तावदान, तक्तपोशी, गिलावा, फरशी, नकाशा हे फारसी-अरबीतून आलेले. मिस्त्री पोर्तुगीजांनी दिला. स्लॅब, कॉलम, बीम, सिमेंट इंग्रजांकडून आले. म्हणजे द्रव्य बहुतेक इथल्या मातीचे, रचनेची भाषा दख्खनच्या दरबारांतून आणि समुद्रावरून आलेली, आणि हे सगळे एकत्र करणारा कारागीर गावातला. ठाणे, कल्याण, भिवंडी या खाडीकाठच्या गावांत ही सरमिसळ जितकी जुनी आहे तितकी फार थोड्या ठिकाणी असेल.

असे असूनही आज या पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या वास्तूविषयी आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. ही कोणाची? हिंदूंची की मुसलमानांची, राजाची की नवाबाची, सरकारची की ट्रस्टची? ती कशाची आहे, हे आपण विचारत नाही. हा दुसरा प्रश्न न विचारल्याने आपला इतिहास तर अर्धवट राहतोच, माणसेही मरतात.

एकच काळा दगड

कल्याणजवळ अंबरनाथला शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले शिवमंदिर आहे. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. कल्याणात शेणाळे तलावाच्या काठी, ज्याला लोक काळा तलाव म्हणत आले आणि आता भगवा तलाव हे नाव दिले आहे, तिथे काळी मशीद आहे. त्याच परिसरात मोगल काळातला कल्याणचा फौजदार मोतबरखान याचा मकबरा आहे. मंदिर आणि मशिदीत काही शतकांचे अंतर आहे. राजवटी वेगळ्या, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. दगड मात्र एकच, बसाल्ट.

हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो कठीण आहे, जड आहे आणि छिन्नीला सहज दाद देत नाही. संगमरवरात किंवा वालुकाश्मात जितके नाजूक काम होते तितके त्यात करायचे तर पाथरवटाला कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. अंबरनाथच्या भिंतींवरचे शिल्पकाम पाहताना हे लक्षात ठेवले तर त्याची किंमत कळते. आणि कल्याण परिसरातल्या मुस्लिम वास्तू दिल्ली-आग्ऱ्यासारख्या झगमगीत का नाहीत, याचेही निम्मे उत्तर या दगडात आहे. काळ्या दगडाची मशीद साधी, ठसठशीत आणि थोडी गंभीर दिसते, कारण दगडच तसा आहे. सुलतान कोण होता हे त्यानंतर येते.

कल्याणला शहराभोवती तट होता. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरप्रमाणे त्याचे काम शाहजहानच्या काळात सुरू झाले आणि औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये, पुरे झाले. हा तट आज शोधून सापडत नाही. त्याचे उत्तरही गॅझेटियरमध्येच आहे. इंग्रज अमलात कल्याणच्या जुन्या वास्तूंचे साहित्य कल्याण आणि ठाण्याचे धक्के बांधायला नेले गेले. ज्या दगडांनी एकेकाळी शहराचे रक्षण केले, ते पुढे बोटींचा माल उतरवायच्या कामी आले.

हे वाचून आपल्याला पहिल्यांदा राग येतो. पण इब्न खल्दून यांना ते वाचून आश्चर्य वाटले नसते. १३७७ मध्ये लिहिलेल्या मुकद्दिम्यात त्यांनी बांधकामाच्या कलेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात दगड-चुन्याच्या भिंती आहेत, दोन फळ्यांमध्ये माती आणि चुना धुमसून केलेल्या भिंती आहेत, गिलावा आहे, सुतारकाम आहे. आणि शहरे कशी ओस पडतात हे सांगताना त्यांनी एक खूण दिली आहे. शहर भरभराटीत असते तेव्हा तिथे नवे साहित्य येत राहते. ते उतरणीला लागले की लोक जुन्या वास्तूंचे दगड उचलून नव्या वास्तूत लावू लागतात, आणि तेही एका वास्तूतून दुसरीत असे फिरत राहते. सहाशे वर्षांपूर्वी मगरिबात बसलेल्या या माणसाने कल्याणच्या तटाचे भविष्य जणू आधीच लिहून ठेवले होते.

म्हणून महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या भिंतीत दुसऱ्या वास्तूचा दगड सापडला की त्यावरून लगेच निवाडा देण्याची घाई करू नये. कधी तो विध्वंसाचा पुरावा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कधी तो फक्त पडक्या वास्तूतून उचललेला, घडवलेला आणि म्हणून फुकट मिळालेला दगड असतो. बसाल्ट नव्याने घडवणे किती कष्टाचे असते हे ज्याला ठाऊक आहे, तो आधी हा दुसरा पर्याय तपासून पाहील. दुर्गाडीच्या टेकडीवरून इथे अनेक दशके कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. कोणाची, या प्रश्नावर हजारो पाने लिहिली गेली. त्या टेकडीवरचा दगड, चुना, त्यांचे सांधे, त्यांची दुरुस्ती यांवर सामान्य वाचकाच्या हाती चार पानेसुद्धा नाहीत, इतकेच नोंदवतो.

साग आणि समुद्र

दगड जागेवर राहतो, लाकूड प्रवास करते. ठाणे-कल्याणच्या मागे सह्याद्रीचे सागाचे रान आणि पुढे उल्हासची खाडी. ही बंदरे इथे झाली त्याचे एक कारण हे रान आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि पश्चिम भारतातून इराणच्या आखाताकडे साग जात असल्याचाही. कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. सहाव्या शतकातला कॉस्मस कल्याणच्या निर्यातीत लाकूड मोजतो. साग अरबांकडे गेला तो आपले नाव घेऊनच. अरबीत त्याला साज म्हणतात. दहाव्या शतकातल्या इस्तखरी या भूगोलकाराने सिराफ या आखाती बंदराचे वर्णन केले आहे. तिथली अनेक मजली घरे साग आणि आफ्रिकेहून आणलेल्या लाकडाची असत, असे तो लिहितो. त्याच सुमारास मसूदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला येऊन गेला आणि त्याने तिथल्या मुसलमान वस्तीची नोंद केली. अरब कोकणात धर्म घेऊन आले, हे आपण सांगतो. ते इथून लाकूड घेऊन गेले आणि त्या लाकडाने त्यांच्या डोक्यावर छप्पर धरले, हे सांगायचे राहून जाते. देणेघेणे दोन्ही बाजूंनी होते.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. त्यात सुरुवातीला पोर्तुगीज कारागीरही होते. इथेही आधार सागाचाच. सागात तेल असते, तो पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेला खिळाही लवकर गंजत नाही. हे ज्ञान पुस्तकात नव्हते, सुतारांच्या हातात होते.

पुढे हाच साग वाड्यांत आला. कल्याणच्या जुन्या भागात, भिवंडीच्या कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यांत, ठाण्याच्या तलावपाळीच्या आसपास ज्यांनी जुनी घरे पाहिली आहेत त्यांना त्यांची ठेवण आठवेल. दगडी जोते, त्यावर सागाचे खांब, खांबावर तुळया, मध्ये विटांचे किंवा कुडाचे भरीव काम, वर कौले. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काळात नळीच्या कौलांची जागा मंगलोरी कौलांनी घेतली. ओसरीवर कोणाच्या घरी तुळशीवृंदावन दिसे, कोणाच्या दारावर माशाअल्लाह. त्यांच्यामागची सुतारी एकच होती. मोहल्ल्यातल्या मशिदीही याच पद्धतीच्या होत्या. उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांब, बाजूला हौज. कोकणातल्या जुन्या मशिदींना मोठे घुमट क्वचितच असत, कारण इथला पाऊस घुमटावर थांबत नाही, तो आत शिरतो. कोकणी गवंड्याला हे ठाऊक होते.

मशिदीत टांगलेले माप

या जुन्या द्रव्यांचा एक मोठा गुण असा की ती समोर दिसत. दगड कच्चा आहे की पक्का, हे हातोडा मारला की आवाजावरून कळे. तुळईला वाळवी लागली तर भुसा पडे. वीट भाजली नसेल तर ती पाण्यात विरघळे. चुना लोणारी भाजून देत, तो भिजवून मुरवायचा, घाणीत मळायचा. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी घालायची पद्धत अनेक ठिकाणी होती. किनाऱ्यावर दगडाऐवजी शिंपले भाजूनही चुना करत. भाजताना चुन्यातला कार्बन वायू निघून जातो, भिंतीत बसल्यावर चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. याला वर्षे लागतात. घाई केली तर चुना ती लगेच उघडी पाडतो.

तरीही जुन्या काळात सगळे प्रामाणिक होते, असे मला म्हणायचे नाही. फसवणूक तेव्हाही होती, म्हणूनच तिच्यावर पहारा होता. इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाजारातली वजने-मापे, दूध, भाकरी, कापड यांच्याबरोबर विटा आणि लाकूड तपासणे हेही त्याचे काम. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या इश्बीलियात, म्हणजे आजच्या सेव्हिलमध्ये, इब्न अब्दून नावाच्या लेखकाने शहराच्या कारभारावर एक छोटे पुस्तक लिहिले. भिंत किती जाड असावी, वीट आणि तुळई किती मापाची असावी, हे तर त्याने सांगितलेच. शिवाय या मापांचे नमुने जामा मशिदीत टांगून ठेवावेत, असेही सुचवले. म्हणजे कोणालाही आपली वीट घेऊन यावे आणि नमुन्याला लावून पाहावी.

मला हे चित्र फार बोलके वाटते. नमाजाला येणाऱ्यासमोर विटेचे माप टांगलेले आहे. चोरलेली वीट ही केवळ धंद्यातली लबाडी उरत नाही, ती अमानतीतली खयानत होते.

रेतीबंदर

१६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत आणि १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत रेल्वे आली. पुढे पारसिकचा बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला. या बोगद्याच्या डोंगरात आणि आसपास दगडखाणी निघाल्या. तिथे राबणाऱ्यांत वडार समाजातली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. दगड आता घडवायचा नव्हता, तो फोडून खडी करायची होती. खाडीकाठी मुंब्र्याजवळ, कल्याणला, वाळू उतरवायच्या जागांना रेतीबंदर हे नाव पडले. खडी, रेती, सिमेंट, पाणी आणि लोखंडी सळई. विसाव्या शतकातले ठाणे, डोंबिवली, मुंब्रा, भिवंडी या पाच गोष्टींनी बांधले आहे.

काँक्रीटने फार मोठे काम केले आहे, हे आधी म्हटले पाहिजे. मुंबईत घर न परवडणाऱ्या लाखो कारकून, शिक्षक, गिरणी कामगार, नर्स आणि रिक्षाचालकांना डोंबिवली-कल्याणच्या चार मजली इमारतींनी छप्पर दिले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून जीव मुठीत धरून निघालेल्या मुसलमान कुटुंबांना मुंब्रा-कौशाने जागा दिली, आणि ती जागा काँक्रीटमुळेच इतक्या झपाट्याने उभी राहू शकली. सागाच्या वाड्यांत हे झाले नसते.

पण काँक्रीटचा स्वभाव चुन्याच्या उलट आहे. ते आपले दोष पोटात ठेवते. एकदा स्लॅब भरला आणि त्यावर गिलावा झाला की आत किती सिमेंट आहे, सळई किती जाडीची आहे, रेती गोडी आहे की खारी, हे डोळ्याला कळत नाही. खाडीची न धुतलेली रेती वापरली तर तिच्यातले मीठ काँक्रीटमध्ये राहते आणि सळईवरचा संरक्षक थर मोडते. पावसाळ्याचे पाणी आणि हवा तिथवर पोचली की लोखंड गंजते. गंजलेल्या लोखंडाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. ते आतून फुगते आणि काँक्रीटला फोडते. छताचा पोपडा पडून गंजकी सळई दिसते, तेव्हा रोग जुना झालेला असतो. लोक त्यावर पुन्हा प्लास्टर मारून रंग देतात, म्हणजे रोग परत झाकतात.

दुसरी गोष्ट वेळेची. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटला किमान एम-२० दर्जा लागतो आणि ही ताकद २८ दिवसांच्या नमुन्यावर मोजतात. साध्या सिमेंटलासुद्धा किमान सात दिवस पाणी मारावे लागते, मिश्र सिमेंटला किंवा कडक उन्हात दहा. मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू दोन आठवडे काढायचे नसतात. चुन्याला वर्षे लागत, काँक्रीटला आठवडे पुरतात. पण तेही द्यायची तयारी नसेल तर?

४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली, बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसे मेली. त्यात लहान मुले मोठ्या संख्येने होती, कारण वर मजले चढत असताना खालच्या मजल्यांवर मजूर आणि गरीब कुटुंबे राहायला आली होती. २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे भिवंडीत जिलानी बिल्डिंग पडली. झोपेतली जवळपास चाळीस माणसे गेली. मधल्या काळात, २०१५ च्या पावसाळ्यात, ठाकुर्लीत आणि नौपाड्यात जुन्या इमारती कोसळल्या. या चार जागांच्या वस्त्या वेगळ्या, माणसांची नावे वेगळ्या धर्मांची. काँक्रीट मात्र एकच होते, जसा अंबरनाथ आणि काळ्या मशिदीचा दगड एकच आहे.

आणि प्रत्येक वेळी आपण पुन्हा पहिलाच प्रश्न विचारला. इमारत कोणाची? मुंब्र्यात पडली तर बाहेरचे म्हणाले, ती वस्तीच तशी. आतले म्हणाले, बदनामी करताहेत. दोघांनीही रेती तपासली नाही. बेकायदा इमारत म्हणजे केवळ परवानगीचा कागद नसलेली इमारत, असे समजून आपण गप्प बसतो. कागद नसणे म्हणजे स्लॅब भरताना तिथे कोणी अभियंता उभा नव्हता, काँक्रीटचा नमुना कोणी तपासला नव्हता, नकाशात किती सळई आहे आणि प्रत्यक्षात किती आहे हे कोणी मोजले नव्हते. म्हणजे मुहतसिब नव्हता आणि मशिदीत माप टांगलेले नव्हते.

लाकडाचा फोटो

इमारतीच्या आत तर द्रव्य आणखी दूर गेले आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये काय आणि डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये काय, भिंतीवर, कपाटावर, जमिनीवर लाकूड दिसते ते बहुतेक लाकडाचे चित्र असते. प्लायवूडवर सनमायका, टाइलवर सागाच्या रेषांची छपाई, पीव्हीसीच्या पट्ट्या. छताला पीओपी, त्यात लपवलेले दिवे, आणि हौस असली तर पीओपीचीच महिरप.

१८९८ मध्ये व्हिएन्नाचे वास्तुविद अडॉल्फ लूस यांनी आच्छादनाविषयी एक नियम मांडला होता. वरचा थर खालच्या द्रव्याचे सोंग घेऊन लोकांना फसवणारा नसावा, असा त्याचा आशय. लाकडाला रंग देण्याला त्यांची हरकत नव्हती, लाकडाला लाकडाचाच रंग फासण्याला होती. फिनलंडचे युहानी पालास्मा यांनी १९९६ मध्ये तक्रार केली की आजची वास्तू फक्त डोळ्यांसाठी होते आहे आणि स्पर्श, वास, आवाज यांना तिच्यात जागा उरली नाही. मानववंशशास्त्रज्ञ टिम इनगोल्ड तर २००७ च्या एका निबंधात आपल्याच बिरादरीवर घसरले. द्रव्यत्वावर जाडजूड ग्रंथ लिहिणारे विद्वान द्रव्याकडे पाहतच नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी वाचकांना सांगितले की बाहेर जाऊन एक दगड आणा, तो पाण्यात बुडवून समोर ठेवा आणि वाचता वाचता तो सुकताना पाहा.

या तिघांत मला इनगोल्ड जास्त पटतात. लूस यांचा सोंगाला असलेला विरोध समजतो, पण दोन खोल्यांत राहणाऱ्याने सनमायका लावला म्हणून त्याला खोटारडे ठरवणे ही श्रीमंतांची नीती झाली. खरा साग त्याला परवडत नाही, आणि सगळ्यांनी खरा साग मागितला तर सह्याद्रीत झाड उरणार नाही. सेम्पर म्हणतील, आकार द्रव्य बदलतच आलेला आहे, मग सनमायकाने काय पाप केले? प्रश्न सोंगाचा नाही, विसरण्याचा आहे. छपाईच्या सागावर हात फिरवताना खरा साग कसा लागतो हे ठाऊक असलेला एक तरी माणूस घरात असावा.

मशीद शहीद होते तेव्हा

हे विसरणे सगळ्यात महाग पडते ते आपल्या प्रार्थनास्थळांत. नवी मशीद बांधायला जुनी पाडतात, तेव्हा आपल्याकडे 'मशीद शहीद केली' असे म्हणायची रीत आहे. शब्द अदबीचा आहे, पण त्या अदबीत काय काय जाते याचा हिशोब कोणी ठेवत नाही. गेल्या काही दशकांत कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात अनेक कौलारू, लाकडी खांबांच्या मशिदी अशा शहीद झाल्या. त्यांच्या जागी स्लॅब आला, चकचकीत टाइल्स आल्या, दुरून दिसणारा घुमट आला. जुना साग भंगारवाल्याकडे गेला आणि तिथून कुठल्या तरी हॉटेलात किंवा फार्महाऊसवर 'अँटिक' म्हणून पोचला. जागा अपुरी पडते, नमाजींची संख्या वाढली, ही कारणे खरी आहेत. पण मशिदीची आजची शोभा आखातातल्या मशिदींसारखी असली पाहिजे, हे ठरवताना एक गोष्ट विसरली जाते. एकेकाळी आखातातली घरे आपल्या सागाची होती.

देवळांच्या जीर्णोद्धारातही हेच चालले आहे. काळ्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात टाइल्स, सांध्यांत सिमेंट. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते, क्षार साचतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. दुरुस्तीच वास्तूला मारते. याला धर्म नाही, कमिटी कोणाचीही असो.

मग करायचे काय? सगळे पुन्हा चुन्यात आणि सागात बांधा, असे मी म्हणत नाही. मागणी लहान आहे. जुन्या मशिदीला, मंदिराला, दर्ग्याला हात लावण्याआधी ती कशाची आहे याची एक नोंद करावी. दगड कुठला, चुना कसला, लाकूड कोणते, सांधे कसे, फोटो आणि मापे. पाडावीच लागली तर निदान खांब, तुळया, महिरप नव्या वास्तूत वापराव्यात. इब्न खल्दूनांच्या लेखी ती उतरणीची खूण असेल, पण आपल्यासाठी ती आठवण ठरेल.

आणि जिवंत माणसांच्या इमारतींसाठी दुसरी मागणी. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याने सक्तीचे आहे. ते फक्त नोटीस आली म्हणून करायचे काम नाही. जुम्म्याच्या दिवशी शेकडो माणसे एकत्र येतात, सोसायटीच्या सभेला डझनभर तरी येतात. तिथे विचारता येईल. आपल्या इमारतीचे ऑडिट कधी झाले? काँक्रीटचा नमुना काढला होता का? अहवालात काय लिहिले आहे, आणि तो कुठे टांगला आहे?

इश्बीलियात हे माप मशिदीच्या भिंतीवर होते. मुंब्र्यात, भिवंडीत, डोंबिवलीत जिन्याच्या भिंतीवर लावले तरी चालेल.